गुलाबांसाठी दीड औंसाचं क्रॉप कव्हर: दोन वसंत वापरून

मी मूळचा निफाडचा. पारा घसरला की वडील पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे. आता न्यू जर्सीत घरामागे माझे अकरा गुलाब आहेत, आणि दव गोठायची तीच धास्ती आता मला असते.

इथे वसंताच्या सुरुवातीला फोर्सिथिया नावाच्या झुडपाला पिवळी फुलं लागली की गुलाबाची छाटणी. गाभा पांढरा दिसेपर्यंत काडी सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापत खाली यायचं, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या) पाव इंच वर तिरका काप घ्यायचा. मग लालसर कोंब फुटतात आणि खरी काळजी सुरू होते. 9 मे 2020 ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातसुद्धा बर्फ भुरभुरला होता! त्या रात्री मी जुन्या चादरी टाकल्या, तर त्यांच्या भाराने निम्मे कोंब मोडले.

म्हणून हे न विणलेलं पांढरं कापड घेतलं. वजन चौरस यार्डाला दीड औंस. त्याआधी अर्ध्या औंसाचं आणलं होतं, ते किडे अडवायला ठीक, थंडीला नाही. यंदा एप्रिलअखेरच्या एका रात्री बाहेर 28 फॅरनहाइट होतं, कापडाखाली 33. पाचच अंश, पण गोठण्याच्या (32) वर. सकाळी कापड काढलं तेव्हा कोंब जसेच्या तसे, हाताला ताठ लागत होते. कुंपणाजवळचं एक झाड झाकायचं राहिलं, त्याचे शेंडे दुपारपर्यंत काळे पडून लोंबले. ते मी लगेच कापले नाहीत. आठवडाभराने कोणता डोळा जिवंत आहे ते कळलं, तिथवर छाटलं.

कापड जमिनीपर्यंत सोडा आणि कडांवर विटा ठेवा. रात्री ऊब मातीतून वर येते, ती आत राहिली पाहिजे. बुंध्याशी गाठ मारली तर सगळं फुकट. आदल्या दुपारी मातीला पाणी द्या, आणि चार काठ्या रोवून कापड कोंबांपासून वर धरा.

तक्रार एकच, पण मोठी: काट्यात अडकलं की टरकन फाटतं. दोन वसंतांत तीन भोकं पडली. कडेला शिवण घातली असती तर चिमटे लावल्यावर तरी टिकलं असतं.

भावाला फोटो पाठवला, तर म्हणाला, "दादा, हे तर आपलं डाळिंबावरचं क्रॉप कव्हर!" तेच आहे. पाचपैकी चार तारे. पुढच्या खेपेला दहा फुटांऐवजी बारा फूट रुंद घेईन, मोठी झुडपं दहात नीट झाकली जात नाहीत.