व्हीपीएस घेताना जीबी बघून प्लॅन निवडला, ८ महिन्यांनी स्टोरेजबद्दल काय कळलं

एका संस्थेची वेबसाईट सांभाळतो, त्यासाठी ८ महिने व्हीपीएस (भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल सर्व्हर) वापरतोय. पोस्टग्रेसचा डेटाबेस, सभासदांचे फोटो, फॉर्म आणि रोज रात्रीचा बॅकअप, एवढंच काम आहे. तरी या काळात स्टोरेजची मांडणी दोनदा बदलावी लागली, आणि सुरुवात एकाच चुकीने झाली, निवडताना मी फक्त जागा किती मिळते ते बघितलं होतं.

पहिला प्लॅन भरपूर जीबीवाला होता, त्यावर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असं लिहिलेलं होतं म्हणून निर्धास्त होतो. पहिला महिना छान गेला, मग संध्याकाळी लोक फॉर्म भरायला लागले की साईट अडकायची. रॅम मोकळी, सीपीयू निवांत, त्यामुळे दोन आठवडे मी कोडमध्येच चूक शोधत बसलो. शेवटी सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये डब्ल्यूए नावाच्या आकड्याकडे लक्ष गेलं, तो ४० च्या वर होता, म्हणजे प्रोसेसर डिस्कच्या उत्तराची वाट बघत थांबलेला. (शेजारचा एसटी वाढला तर गोष्ट वेगळी, तेव्हा होस्टवरची, म्हणजे आपलं व्हीपीएस ज्या मूळ सर्व्हरवर चालतं त्यावरची, दुसरी मशीन तुमचा सीपीयू खात असतात.)

हे नीट समजून घ्या, कारण प्लॅनच्या पानावर हे कुणी सांगत नाही. डेटाबेस प्रत्येक कमिटला (नोंद पक्की करताना) एफसिंक करतो, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर पोचला असं उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. ही लिहिणी बारीक असतात, चार-आठ केबीची, तिथे सेकंदाला ५०० एमबी स्पीडचा काही उपयोग नाही, एक बारीक लिहिणं किती मिलिसेकंदात परत येतं ते महत्त्वाचं. जुन्या ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला अर्धा फेरा फिरायलाच ४ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, म्हणून ती सेकंदाला शंभर-दीडशे रँडम कामांच्या पुढे जात नाही. साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एसएसडीला कामांची एकच रांग, त्यात ३२ कमांड. एनव्हीएमईला (त्याहून वेगवान जोडणीच्या एसएसडीला) ६५ हजारांपर्यंत रांगा चालतात. पण तीच एनव्हीएमई दुसऱ्या मशीनमध्ये बसवून नेटवर्कवरून दिली की प्रत्येक लिहिण्यामागे नेटवर्कची फेरी आली, शिवाय तीन कॉप्या होत असतील तर तेवढं थांबणंही आलं. माझा पहिला प्लॅन असाच नेटवर्कवाला निघाला. त्यामुळे डिस्क होस्टमध्येच आहे की नेटवर्कवरून येते हे घेण्याआधी सपोर्टला सरळ विचारा.

टेस्टसुद्धा मी चुकीची केली होती. डीडी कमांडने मोठी फाईल लिहिली, झकास आकडा आला, पण तो बराचसा रॅममधल्या कॅशचा होता. डिस्क तपासणारं एफआयओ वापरा, ब्लॉक साईझ ४के, डायरेक्ट १ (म्हणजे कॅश टाळून), रँडम राईट, प्रत्येक लिहिण्यानंतर एफसिंक, आणि टेस्ट गर्दीच्या वेळी करा, ३-४ दिवस करा. पाच मिनिटांची टेस्ट बर्स्टमुळेही (थोडा वेळच मिळणाऱ्या जादा वेगामुळे) फसवते. उदाहरण सांगतो, ॲमेझॉनच्या जीपी२ व्हॉल्यूमला (व्हॉल्यूम म्हणजे सर्व्हरला जोडायची वेगळी डिस्क) प्रत्येक जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचायची-लिहायची कामं), म्हणजे १०० जीबीला ३००, पण क्रेडिट (न वापरलेल्या वेगाची साठवण) शिल्लक असेपर्यंत ते ३००० पर्यंत पळतं, क्रेडिट संपलं की पुन्हा ३०० वर. जीपी३ मध्ये साईझ कितीही असली तरी ३००० ची हमी आहे. दुसरीकडेही असला काही नियम आहे का ते वाचा.

मधल्या काळात सिंक्रोनस कमिट (डिस्कच्या उत्तरासाठी थांबणं) बंद करून वेग मिळवावा असंही मनात आलं. त्याने डेटाबेस बिघडत नाही, पण मशीन अचानक बंद पडलं तर शेवटच्या काही नोंदी जातात. लोकांनी भरलेल्या फॉर्मच्या बाबतीत मला ते पटलं नाही, नाही केलं.

मग होस्टमधलीच एनव्हीएमई असलेला लहान प्लॅन घेतला आणि डेटाबेस तिकडे हलवला. आधी कमिटला १५-२० मिलिसेकंद लागायचे, आता एकाच्या आत होतं. तोटाही भोगला, एकदा होस्ट मशीन बंद पडलं आणि ते दुरुस्त होईपर्यंत काहीच करता आलं नाही, कारण लोकल डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरला जोडता येत नाही. तेव्हापासून फोटो वेगळ्या नेटवर्क व्हॉल्यूमवर आहेत, तिथे थोडा उशीर झाला तरी चालतो. बॅकअप ऑब्जेक्ट स्टोरेजवर (इंटरनेटवरून फायली ठेवायची वेगळी सेवा) जातो, तोही दुसऱ्या कंपनीकडे. स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) आहेत, पण ते त्याच खात्यात असतात, खातंच बंद झालं तर तेही गेले, म्हणून त्यांना मी बॅकअप मानत नाही.

व्हॉल्यूमचे दोन धडे. एक, २० जीबीचं व्हॉल्यूम, निम्मी जागा रिकामी, आणि जागा संपल्याची एरर. जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला आय लावून बघितलं तर आयनोड (प्रत्येक फाईलला लागणारी एक नोंद) १०० टक्के. ईएक्सटी४ ही फाईलसिस्टीम साधारण १६ केबीमागे एक आयनोड धरतं, म्हणजे २० जीबीला १३ लाख, आणि वेबसाईटच्या पेज कॅशच्या (तयार पानांच्या साठवणीच्या) बारीक फायलींनी ते सगळे खाल्ले होते. आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, नंतर व्हॉल्यूम मोठं केलं तरच वाढते. दुसरा, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, असं लिहायचं राहिलं होतं, व्हॉल्यूम जोडलं गेलं नाही आणि रीबूटनंतर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकला, वेब कन्सोलमधून सोडवावा लागला.

आणि साईझ लहानच घ्या, व्हॉल्यूम वाढवता येतं, कमी करायची सोय सहसा नसते, एक्सएफएस ही फाईलसिस्टीम तर व्यवहारात लहान होतच नाही. मी ४० जीबीवर आहे, डॉकरच्या (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) लॉगला मर्यादा घातल्यापासून (ती आपणहून नसते, फाईल फुगत राहते) निम्मंही भरलेलं नाही. गेल्या महिन्यात बॅकअप दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरवर उतरवून बघितला, डेटाबेस नीट उभा राहिला, फोटोंचा एक फोल्डर मात्र बॅकअपच्या यादीत घालायचाच राहिलेला सापडला, तो आता घातलाय.