फ्लाइटरडार२४: नातवंडांकडे जाता-येता काही महिने वापरल्यावर

आधी मुद्द्याचं सांगते. नातवंडं परदेशात असतील आणि जाता-येता मधे विमान बदलावं लागत असेल तर कुठलं विमान आत्ता कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं हे ॲप फोनवर असू द्याच. फुकटचं पुरतं, जाहिराती येतात पण चालतं. तिकडे असताना, परत येताना जो काही गोंधळ झाला तेव्हा आणि आता घरी आल्यावरही मी ते उघडतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्वीडनमधल्या दोन विमानवेड्या माणसांनी २००६ साली हौस म्हणून हे सुरू केलं. विमान आपण कुठे आहोत, किती उंचीवर, किती वेगात हे सतत रेडिओवरून सांगत असतं, त्याला एडीएस-बी म्हणतात, आणि जगभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या घरांवर लावलेले रिसीव्हर ते पकडून पाठवतात. म्हणून नकाशावर ती पिवळी विमानं सरकताना दिसतात.

माझ्या फोनवर हे जावयाने टाकून दिलं, पण त्याचा खरा उपयोग केला नातवाने. लेक-जावई कामाला गेले की दुपार आमची दोघांची. त्याला मराठी सगळं कळतं पण उत्तर तिकडच्या भाषेत देतो, सुरुवातीला दोन-चार वाक्यांतच आमच्या गप्पा संपायच्या. मग खिडकीतून विमान दिसलं की हा फोन घेऊन धावत यायचा, "आजी, हे कुठे?" आणि मग ते कुठून निघालं, कुठे चाललंय, मधे कुठला समुद्र लागतो, तिकडे आत्ता रात्र आहे का, असं करत तासभर सहज जायचा, आणि हळूहळू तो न सांगता मराठीत बोलायला लागला. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी या ॲपला पूर्ण मार्क देईन.

आता परतीचं. निघायच्या दिवशी एअरपोर्टच्या बोर्डवर आमची फ्लाइट 'वेळेवर' होती. पण ॲपमध्ये आपल्या फ्लाइटवर टॅप केलं की कुठलं विमान लागणार त्याचा रजिस्ट्रेशन नंबर बहुतेक वेळा दिसतो, आणि त्या नंबरवर गेलं की ते विमान आत्ता कुठे आहे ते कळतं. आमचं विमान तेव्हा मागच्या शहरातून सुटलेलंसुद्धा नव्हतं! म्हणजे ते येणार कधी, साफसफाई होणार कधी, आम्ही उडणार कधी, पुढचं कनेक्शन मिळणं शक्यच नव्हतं. लेक अजून आमच्यासोबत बाहेरच होती, ती तशीच काउंटरवर गेली. दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंगवर होत्या म्हणून त्यांनी ज्यादा पैसे न घेता दुसऱ्या दिवशीच्या दिल्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात हे खरंय पण मग पहिलं विमान लेट झाल्याने दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीवर काही बंधन नसतं, आमच्यासारख्यांनी तिथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बोर्ड बदलला तोपर्यंत काउंटरसमोर ही मोठी लाइन झाली होती आणि आम्ही घरी पोचायला आलो होतो. नातू तर उड्या मारत होता, आजी-आजोबा परत आले म्हणून.

हे मात्र लक्षात ठेवा की कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते, मोठ्या एअरपोर्टवर तर सर्रास. त्यामुळे ॲप बघून घरीच बसून राहायचं नाही, वेळेवर जायचंच, फक्त विचारायचं काय ते आधी कळतं.

दुसऱ्या दिवशी निघालो तर मधल्या एअरपोर्टवर वादळ. विमान हवेत गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी भलत्याच शहरात उतरवलं. आत आम्हाला काही कळत नव्हतं, ह्यांच्या गोळ्यांची वेळ झालेली, पण ते सगळं घेरे घेरे लेकीला घरी बसून दिसत होतं. आमचा फोन चालू झाला तेव्हा तिचा मेसेज आलेलाच होता, कुठे उतरलात, कंपनीशी बोलणं झालंय, पुढची फ्लाइट कुठली. त्या क्षणी काय धीर आला ते लिहून सांगता येणार नाही.

रात्र तिथेच काढली. सामान विमानातच अडकलेलं, पण गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जोडी कपडे हँडबॅगेत होते. औषधं चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा भरपूर जास्त घ्या. आणखी एक, ह्यांची व्हीलचेअर जुन्या तिकिटावर नोंदलेली होती ती नव्यावर आलीच नव्हती. तिकीट बदललं की व्हीलचेअर पुन्हा विचारून घ्या, आणि नुसतं 'व्हीलचेअर' म्हणू नका, पायऱ्या चढता येतात की नाही तेही सांगा, कारण त्यांच्याकडे त्याचे वेगळे कोड असतात.

हक्कांबद्दल ॲप आपल्याला काही सांगत नाही, ते आपणच माहीत करून घ्यायचं. युरोपियन युनियनमधून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाइटला २६१/२००४ हा उशीर झालेल्या किंवा रद्द झालेल्या फ्लाइटचा नियम लागतो. वादळ असेल तर भरपाई मिळत नाही पण खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावंच लागतं. सामान उशिरा मिळालं तर मॉन्ट्रियल करारानुसार मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची, तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. पावत्या जपून ठेवा.

आता घरी वाट बघणाऱ्यांसाठी. समुद्रावर जमिनीवरचे रिसीव्हर पोचत नाहीत, तिथे विमान अंदाजाने दाखवतात किंवा नकाशावरून गायबच होतं. घाबरायचं नाही, किनारा जवळ आला की परत दिसतं. काही भागात जीपीएसचे सिग्नल मुद्दाम बिघडवतात तिथे विमान भलतीकडेच उडी मारताना दिसतं, तेही तसंच. आणि ७७०० कोडची नोटिफिकेशन बंदच करून टाका. जगात कुठेही एखाद्या विमानाने इमर्जन्सी सांगितली की फोन वाजतो, बहुतेक वेळा विमान सुखरूप उतरतं पण आपली माणसं हवेत असताना ते वाचायला नको वाटतं.

हल्ली तिकीट काढायच्या आधीच मी त्या फ्लाइटचे मागचे सात दिवस बघते, तेवढे फुकटात दिसतात. रोज तासभर लेट पोचणारी फ्लाइट असेल आणि मधे दीड तासाचंच अंतर असेल तर ती सोडून देते, मग भले चार-पाच तास एअरपोर्टवर बसावं लागलं तरी. पुढच्या वेळचं तिकीट तसंच काढलंय, लेक म्हणाली एवढं थांबणार का, म्हटलं हो, आरामात थांबू.