दहा महिन्यांनंतर: आवाज झकास, तारीख मात्र कायम १ जानेवारी २०१५

व्हॉइस रेकॉर्डर वाईट नाही, हे आधीच सांगतो. पण त्याच्यापायी माझं बावन्न मिनिटांचं रेकॉर्डिंग उडालं, म्हणून हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन माइकवाला, बारीक पेन्सिल सेलवर चालणारा हा व्हॉइस रेकॉर्डर ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेलच.

२०२४ च्या दसऱ्याला ५,४९० रुपयांना घेतला. निमित्त आत्या. वय ८६, मुक्काम कराड, माहेर पाटण खोऱ्यातलं, कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. घराण्याची जी वंशावळ आमच्याकडे होती ती चुलतभावाने जात पडताळणीसाठी केलेली. एक पानभर पुरुष, खापरपणजोबापासून थेट पुतण्यापर्यंत, आणि बाई औषधालाही नाही. आत्याला ती वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "मग ह्ये सगळे झाडाला लागले व्हते व्हय रं?" त्या दिवशी ठरवलं की ती बोलेल ते सगळं जपून ठेवायचं.

फोन असताना वेगळं यंत्र कशाला, हा आमच्या हिचा प्रश्न. माझ्याही खिशाला तो पटत होता. पहिल्या दोन बैठका फोनवरच केल्या. एकीत ऐन मानमोडीच्या साथीच्या गोष्टीत कर्जवाल्यांचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. (मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. आत्याने आपल्या आजीकडून ऐकलेलं: एका घरातून दोन तिरड्या, खांदा द्यायला माणसं नाहीत.) दुसरं म्हणजे फोन समोर ठेवला की आत्या त्याच्याकडे बघून बोलायची, मुंबईच्या नातवाशी बोलावं तशी मोठ्यांदा. हे काळं डबडं ती पाच मिनिटांत विसरते. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा पैसे वसूल म्हणेन.

आवाजाबद्दल तक्रार नाही. टेबलावर नुसतं ठेवू नका, काकणं आपटली की कानात हातोडा बसतो. खाली चार पदरी टॉवेल किंवा वाकळ घालून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. कुकर लावायचा असेल तर शेजारणीकडे, असं मी एकदा म्हणालो आणि घरात दोन दिवस शांतता होती, रेकॉर्डिंगला उत्तम.

माझी एक चूक मात्र कबूल करतो. यात बोललं तरच रेकॉर्ड करायची सोय आहे, गप्प बसलं की थांबतं. जागा वाचेल म्हणून मी ती सुरुवातीला चालू ठेवली. घरी येऊन ऐकतो तर प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लेलं, आणि आत्या जिथे थांबली होती, पदराने डोळे टिपत होती, तिथे काहीच नाही, वाक्याला वाक्य चिकटलेलं. जणू तिने बातम्या वाचल्या. ती सोय बंद करा. साधी डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची) फाईल तासाला साधारण ६०० एमबी खाते, एमपीथ्री त्याचा दहावा हिस्सा. आधी मी एमपीथ्रीच घेत होतो. आता माणसाच्या आवाजात काटकसर करत नाही, ती इतर ठिकाणी भरपूर करतो.

आता मूळ दुखणं. सेल बदलला की या यंत्राचं घड्याळ १ जानेवारी २०१५ वर जातं. दर वेळी. माहितीपुस्तकात बारीक अक्षरात लिहिलंय की एका मिनिटात सेल बदलल्यास तारीख टिकते. मी फोनचं स्टॉपवॉच लावून बदलले: बावीस सेकंद. तरी २०१५. मग हिला झाकण धरायला लावून दोघांनी मिळून केलं, चौदा सेकंद. तरी २०१५. हा प्रयोग मी एकूण नऊ वेळा केला, कारण एसटीच्या हिशेब खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला तारीख नसलेलं व्हाउचर बघवत नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्या पोराचं म्हणणं, "सर, तारीख परत सेट करायची ना, दोन मिनिटांचं काम आहे." म्हटलं, मग वॉरंटी कशाची देता? तर घड्याळ वॉरंटीत येत नाही. बोर्ड बदलून मिळेल, २,१०० रुपये अधिक जीएसटी. पाच हजारांच्या यंत्रात तारीख लक्षात ठेवायचे एकवीसशे! साताऱ्याहून पुण्याला दोन खेपा झाल्या त्या वेगळ्या (ज्येष्ठ नागरिक म्हणून एसटीचं अर्धं तिकीट, नाहीतर तिथेच काहीतरी बोललो असतो).

आणि हे नुसतं मनाला लागणं नव्हतं. यंत्र फाईलला नाव देतं ते तारखेवरून आणि क्रमांकावरून. घड्याळ मागे गेलं की नाव पुन्हा १५०१०१_०००१. मी प्रत्येक बैठकीनंतर फाइली कम्प्युटरवर घेऊन यंत्र रिकामं करायचो. जूनमध्ये त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल आली, कम्प्युटरने विचारलं, जुनी बदलू का? मी चहा पीत होतो. हो म्हटलं. गाव सोडल्याची पूर्ण हकीकत त्यात होती.

कळल्याबरोबर एक गोष्ट बरोबर केली, यंत्र बंद करून टाकलं. पुसलेल्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर फाईल परत मिळू शकते. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फाइलीही शोधतो. बावन्नपैकी एकतीस मिनिटं सापडली. नावगाव, तारीख काही नसलेली फाईल, पण आवाज आत्याचा. उरलेल्या जागेवर नवीन बैठक बसली होती.

कराडला जाऊन सांगितलं. म्हणाली, "आरं, मग परत सांगती की." आणि सांगितलं, पण निराळंच. सापडलेल्या तुकड्यात ती म्हणते, निघताना बापाने दाराला कुलूप लावलं, पाणी येणार ठाऊक असून. दुसऱ्या खेपेला म्हणते, "कुलूप कसलं? दारंच काढून आणली, चौकटीसकट. त्यातलंच एक ह्ये माज्या न्हाणीला हाय." मी उठून न्हाणीचं दार बघून आलो. जुनं आहे, सागवानी आहे, पण त्या दाराला कुलूप घालायचा कोयंडाही आहे. दोन्ही फाइली ठेवल्यात, "कुलूप" आणि "दारं" अशा नावांनी. ती हकीकत उडाली नसती तर दुसरी मिळालीच नसती, हे खरं असलं तरी त्याचं श्रेय मी कंपनीला देणार नाही.

तारखेवर उपाय शेवटी तोंडी निघाला. रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी मी मोठ्याने तारीख, वार, गाव आणि समोर कोण बसलंय ते बोलतो. पहिल्या खेपेला आत्याने विचारलं, "तुझ्या डबड्याला तारीख ठावं न्हाय व्हय?" तेव्हापासून ते काम तिने स्वतःकडे घेतलं. भिंतीवरचं कालनिर्णय बघून सुरुवात करते. ४ फेब्रुवारीची फाईल अशी उघडते: "आज मंगळवार, रथसप्तमी. दूध उतू घातलं. इचार आता." जूनमधली गडबड याच्यानंतरची, म्हणजे तारीख तोंडी असूनही फाईल गेलीच. तर बोलाच, पण नावही लगेच बदला. मी आता २०२५-०७-०६_आत्या_वारी असं वर्ष आधी ठेवून देतो, म्हणजे रांगेत आपोआप लागतात. एक प्रत घरच्या डिस्कवर, एक चुलतभावाकडे कोल्हापूरला.

वंशावळीच्या मांडणीसाठी ग्रॅम्प्स हे सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, आपल्याच कम्प्युटरवर राहतं, देवनागरीत नावं घेतं. दोन महिने मला ते नकोसं झालं होतं, कारण त्यात हिब्रू, इस्लामी, अगदी फ्रेंच राज्यक्रांतीचंसुद्धा कॅलेंडर आहे, आपले शके नाहीत. नाशिकच्या उपाध्यांच्या (तीर्थावरच्या भटजींच्या) वहीत पणजोबांचा लेख सापडला तो मोडीत आणि शके कालगणनेत. इसवी सनासाठी ७८ मिळवायचे, पौषापासून पुढे बहुधा ७९, असा हिशेब हाताने करून टाकावा लागतो. मूळ शके टिपणात लिहून ठेवतो.

मत फिरलं ते एका सोयीमुळे. तारखेच्या जागी "अमुकच्या आधी", "नंतर", "सुमारे" असं टाकता येतं. आत्याला वर्षं येत नाहीत. तिला येतं ते असं: धाकटा भूकंपाच्या वेळी रांगत होता, बहिणीचं लगीन पानशेत फुटलं त्या साली. मग ११ डिसेंबर १९६७ (कोयनेचा भूकंप) आणि १२ जुलै १९६१ (पानशेत धरण) या दोन खुंट्यांना सगळं घराणं बांधता आलं. ७२ चा दुष्काळ ही तिसरी. तारखा विचारू नका, खडी फोडायला कोण गेलं होतं ते विचारा, वर्ष आपोआप कळतं.

दुसरी पंचाईत नावांची. आत्याच्या बोलण्यात चार आक्का, तीन माई आणि दोन "पलीकडची" आहेत. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे एकाच बाईला माहेरी एक, सासरी दुसरं आणि हाक मारायला तिसरं. ग्रॅम्प्समध्ये एका व्यक्तीला कितीही नावं जोडता येतात, तेव्हा जोडली. पण मुळात ती नावं मिळाली कुठून, तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून. आजोबा वारल्यानंतरची वारस नोंद, फेरफार (जमिनीच्या हक्कातला बदल) क्रमांकासह. तिथे पोरांबरोबर चारही पोरी होत्या, सासरच्या नावागावासकट, कारण १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींनाही वारस धरावं लागलं. पुढच्याच फेरफाराला चौघींचं हक्कसोड. म्हणजे बायकांची नावं कागदावर आली ती हक्क सोडण्यापुरती. आत्याला तो उतारा दाखवला. तिने अंगठ्याच्या जागेवर बोट ठेवलं, "ह्यो माजा. तवा सही येत नव्हती." ही बैठक सात मिनिटांची आहे, त्यातली तीन मिनिटं कोणी काही बोलत नाही, आणि गप्प बसलं की थांबायची ती सोय बंद केलेली असल्यामुळे ती तीन मिनिटंही शाबूत आहेत.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. बऱ्याच जुन्या नोंदी मोडीत आहेत, त्या वाचणारा माणूस आधी शोधा. आम्हाला पानामागे १०० रुपये पडले. मराठी ऐकून आपोआप टाइप करणाऱ्या सोयीच्या नादाला मात्र लागू नका. "मानमोडी"चं "मान मोडली" झालं आणि जोंधळा कुठेच उगवला नाही.

किती तारे? दसऱ्याला साडेतीन दिले असते. जूनमध्ये एक, तोही कंपनीच्या तोंडावर फेकून. गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, सेल काढल्यावर थोडा वेळ वीज धरून ठेवणारा आतला शेंगदाण्याएवढा कपॅसिटर बदलला, १२० रुपये. वॉरंटी गेली, पण तीन वेळा सेल बदलले आणि तारीख जागेवर आहे. म्हणून आता चार. एकवीसशे सांगितले होते हे लक्षात असल्यामुळे साडेचार देत नाही.

सेल दहा महिन्यांत अकरा जोड्या लागले. रिचार्जेबल घ्या, मी सहाव्या जोडीनंतर घेतले. घड्याळ बरोबर चालतंय हे आत्याला अजून सांगितलेलं नाही.