जुन्या रिव्हॉल्व्हरची नवी झळाळी

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या व्यवहारात कापणीच्या दिवसांत रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री फिरावे लागते, म्हणून मी रीतसर शस्त्रपरवाना घेतलेला आहे. त्या परवान्यावर मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत .३२ बोअरचे, इंग्लंडमध्ये बनलेले एक वापरलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडून विकत घेतले आणि त्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. कागदपत्रे खरी होती, नंबर जुळत होता, परवान्यावर नोंदही नीट झाली. खोटा होता तो फक्त हत्याराचा रंग, आणि मी किंमत मोजली होती ती त्या रंगाचीच.

त्या दिवशी दुकानात माझ्यासमोर एकाच बनावटीची दोन रिव्हॉल्व्हरे ठेवलेली होती. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून अशा विलायती मालाला आपल्याकडे मोठी किंमत येते, त्यामुळे निवड करताना मी घाई केली नाही. तरीही चुकीच्याच गोष्टीकडे पाहत राहिलो. पहिल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या तोंडाची कड, नेम धरण्यासाठीची पुढची माशी आणि गोळ्यांच्या चक्रीच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या, म्हणून त्याची किंमत २ लाख १० हजार सांगितली गेली. दुसरे मात्र टोकापासून मुठीपर्यंत एकसारखे काळेनिळे चमकत होते. “शेठ, हे कपाटाबाहेर निघालेलेच नाही, पहिले तर होल्स्टरमध्ये घासून गेलेले आहे,” असे विक्रेत्याने सांगितले आणि मी २ लाख ७५ हजार रुपये देऊन दुसरे घरी आणले. बिलावर बनावट, बोअर आणि नंबर एवढेच लिहिलेले होते. रंग मूळचा आहे की नंतर चढवलेला, याबद्दल त्यावर एक अक्षरही नव्हते आणि मीही ते लिहून मागितले नाही.

एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो आणि कमरेचे चामडी होल्स्टर घामाने दिवसभर ओलसर राहते. अवघ्या दोन महिन्यांत त्या झळाळत्या रंगावर डाग उमटू लागले. ते केवळ कडांवर नव्हते. नळीच्या सपाट बाजूवर आणि चक्रीच्या खाचांमध्येही तपकिरी, काहीसे तांब्याच्या छटेचे चट्टे पडले होते. तेलाच्या फडक्याने पुसले की फडक्यावर काळपट रंग येई आणि बोटांना एक कुजकट वास लागे. मी लगेच विक्रेत्याकडे गेलो. त्याने हत्यार हातातही न घेता सांगितले की ही होल्स्टरची झीज आहे, वापराने होतेच, आणि परवान्यावर नोंद झालेली असल्यामुळे आता काही करता येणार नाही. पहिल्या रिव्हॉल्व्हरचा दोष म्हणून त्याने मला जे दाखवले होते, तेच आता माझ्या रिव्हॉल्व्हरच्या बचावासाठी पुढे केले जात होते, हे मला फार लागले.

खरा उलगडा धुळ्यात झाला. तेथे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे कारागीर, राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. हत्यार रिकामे असल्याची त्यांनी स्वतः दोनदा खात्री केली, ते खिडकीच्या उजेडात तिरके धरले आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ रंग वरतून लावेल शे,” म्हणजे हा रंग वरून लावलेला आहे. मग त्यांनी मला जे शांतपणे समजावले, ते खरेदीआधी कोणी सांगितले असते तर माझे पैसे वाचले असते.

हत्याराचा हा काळानिळा थर, म्हणजे ब्लूइंग, मुळात रंग नसतोच. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश तापमानाच्या द्रावणात पोलाद बुडवले की त्याच्या पृष्ठभागाचेच लोहाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा थर एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या अगदी लहान अंशाएवढा असतो. म्हणून जिथे चामडे पुन्हा पुन्हा घासते, त्या उंच कडांवर तो वर्षानुवर्षांत हळूहळू विरळ होतो आणि खालचे स्वच्छ, गुळगुळीत पोलाद दिसू लागते. होल्स्टरची खरी झीज ती हीच. ती खोलगट भागात पोहोचत नाही, तिची सीमा धूसर असते आणि तिच्याखाली गंजाचे खड्डे नसतात. माझ्या रिव्हॉल्व्हरवर मात्र थंड ब्लूइंग केलेले होते. सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असलेले द्रावण बोळ्याने चोळले की लोखंड काही मिनिटांत काळे पडते, पण तो वरवरचा मुलामा घाम आणि घर्षण यांपुढे टिकत नाही. लहानशा ओरखड्यावर ते लावणे गैर नाही. अख्खे हत्यार त्याने रंगवून “न वापरलेले” म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

नानांनी नंतर मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या आणि माझा उरलासुरला संशयही फिटला. पट्ट्यांखाली जुना, करडा पडलेला मूळ थर होता आणि त्याच्या कडेला गंजाने खाल्लेले बारीक खड्डे होते. बाहेरचे तसेच खड्डे घासून काढताना नळीवरच्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या, स्क्रूच्या भोकांभोवतीचे पोलाद बशीसारखे खोलगट झाले होते आणि चौकटीच्या ज्या कडा धारदार हव्यात, त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. नानांच्या मते ते हत्यार कित्येक पावसाळे चामड्याच्या होल्स्टरमध्येच पडून राहिले असावे; चामडे ओल धरून ठेवते आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. म्हणजे कपाटात राहिल्याचे विक्रेत्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल, पण तेच हत्याराच्या नासाडीचे कारण होते.

माझ्या एका मित्राने लिंबाचा रस लावून रंगाची परीक्षा करण्याचा सल्ला दिला होता. तसे कोणीही करू नये, कारण आम्लाने मूळचे ब्लूइंगही निघून जाते आणि चांगले हत्यार स्वतःच्या हाताने विद्रूप होते. त्याऐवजी विक्रेत्याला आपल्यासमोर मुठीच्या पट्ट्या काढायला सांगाव्यात, अक्षरांच्या आणि भोकांच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात, आणि रंग मूळचा आहे की पुन्हा केलेला, हे बिलावर सहीशिक्क्यासह लिहून घ्यावे. जो हे लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये.

मी नाकारलेले ते पांढऱ्या कडांचे रिव्हॉल्व्हर नंतर शिरपूरकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी घेतले. नानांनी तेही पाहिले आहे. त्याची अक्षरे खणखणीत आहेत आणि मुठीखालचा थर बाहेरच्या थराशी जुळतो. माझे रिव्हॉल्व्हर आता होल्स्टरबाहेर, तेलाच्या कापडात, कुलूपबंद असते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते. मी ती मुदतीत केली आहे आणि तिच्यासोबत बिलाची प्रत, एप्रिलमधली तारखेसह छायाचित्रे आणि मुठीखालच्या त्या करड्या पोलादाची छायाचित्रे जोडली आहेत.