तीन चेंडूंचे स्पायरोमीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागली आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे उपकरण हातात दिले. पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन कप्पे, प्रत्येकात एक हलका चेंडू आणि बाजूला वळ्यावळ्यांची नळी, एवढाच हा पसारा आहे. आधी मी नळीत फुंकर मारत राहिलो आणि चेंडू जागचे हलले नाहीत. “काका, फुंकू नका, ओढा,” असे बाई म्हणाल्या, तेव्हा हे यंत्र श्वास आत घेण्याच्या व्यायामाचे आहे, हे लक्षात आले.

पण ‘ओढणे’ म्हणजे तरी काय? तापमान तेच राहिले, तर बंदिस्त हवेचे आकारमान वाढताच तिचा दाब घटतो, हा बॉइल यांचा 1662 सालचा नियम आपण शाळेत शिकतो. श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात आणि छातीची पोकळी मोठी होते. फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. मात्र त्यांच्याभोवतीच्या दुहेरी आवरणामधला दाब वातावरणापेक्षा कमीच असतो, पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजल्यास ही तूट शांत श्वासात सुमारे 5 सेंटिमीटरवरून 8 सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि छाती मोठी झाली की फुप्फुसेही तिच्यामागोमाग प्रसरण पावतात. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. वातावरणाचा दाब पाण्याच्या हजाराहून अधिक सेंटिमीटरचा असताना वायुकोशांतला, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांतला, दाब त्यापेक्षा जेमतेम 1 सेंटिमीटरने उतरतो आणि तेवढ्यावर सुमारे 500 मिलिलिटर हवा आत येते. उपकरणातला चेंडूही अशाच फरकाने उचलला जातो: आपण ओढले की त्याच्या वरच्या हवेचा दाब घटतो आणि खालून येणारी हवा त्याला वर लोटते.

टाक्यांच्या वेदनेमुळे मी अगदी वरवरचे श्वास घेत होतो. अशा श्वासात श्वासपटल पुरेसे खाली जात नाही, फुप्फुसांच्या तळाकडचे वायुकोश मिटू लागतात, आणि मिटलेला वायुकोश उघडायला तो उघडा ठेवण्यापेक्षा जास्त दाब लागतो. सावकाश, खोल ओढून तीन सेकंद थांबायचे ते यासाठीच. उशी पोटाशी घट्ट धरल्यावर हे मला पुष्कळ सोपे गेले.

आता उपकरणाच्या मुख्य मर्यादेविषयी. कप्प्यांवरचे 600, 900 आणि 1200 हे आकडे दर सेकंदाला किती मिलिलिटर हवा वाहते ते दाखवतात. एकूण किती हवा आत गेली, ते नव्हे. झटक्याने ओढून तिन्ही चेंडू अर्धा सेकंद वर गेले, तर सुमारे 600 मिलिलिटर हवा आत जाते. पहिला एकच चेंडू चार सेकंद वर टिकला, तर 2400 मिलिलिटर. भेटायला आलेले नातेवाईक मोठ्या प्रेमाने “तिसरा उचला!” म्हणत आणि त्या नादात मी चुकीचाच व्यायाम करत होतो. ज्यांना अशी ईर्ष्या आवरत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून आकारमान दाखवणाऱ्या दट्ट्याचा प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उपकरण तिरके धरले तर चेंडू सहज चढतात, म्हणून ते उभेच धरावे. लागोपाठ ओढत राहिल्यास चक्कर येते. मी दर तासाला दहा श्वास घेत असे आणि मध्ये साधे श्वास घेऊन विसावत असे.

नळीच्या वळ्यांत ओल साचते आणि ती वाळवणे जिकिरीचे असते. तोंडात धरायचा भाग रोज धुवावा आणि उपकरण घरात दुसऱ्या कोणाला देऊ नये.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर केवळ या उपकरणाने फुप्फुसांची गुंतागुंत टळते, असे संशोधनाच्या आढाव्यांतून सिद्ध झालेले नाही. माझ्या बरे होण्याचे सगळे श्रेय मी त्याला देणार नाही, कारण बाईंनी मला लवकर उठवून चालवले, खोकायलाही लावले. तरीही श्वास किती खोल जातो आहे, याचा अंदाज मला वेदनेच्या त्या दिवसांत स्वतःला येत नव्हता आणि तो चेंडू दाखवत होता. आज दुसरा चेंडू मी तीन सेकंद स्थिर धरू शकतो.

सूचनापत्रक फक्त इंग्रजीत होते, ही उणीव मला फार जाणवली. मी मराठीत चार ओळी लिहून उपकरणावर चिकटवल्या आहेत : ताठ बसा, आधी श्वास सोडा, ओठ घट्ट मिटून सावकाश ओढा, तीन मोजेपर्यंत थांबा.