जुना पीएस व्हिटा घेताना माझे १५,१८० रुपये गेले, निदान तुमचे जाऊ देऊ नका

परवा रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव नवीन, नंबर नवीन, पण व्हिडिओ तोच. सनमायकाचं टेबल, त्यावर निळा रुमाल, रुमालावर पीएस व्हिटा, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, आणि त्याला खालून लावलेली चार्जरची पिन. गेले चार महिने मी हे घरच्यांशिवाय आणि तक्रार घेऊन गेलो त्या कार्यालयांशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. चाळिशी ओलांडलेला माणूस खेळायच्या यंत्रापायी पंधरा हजार घालवून बसला, हे ऑफिसात कोणत्या तोंडाने सांगणार? पण तो व्हिडिओ पुन्हा फिरतोय म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी हिशोब. टोकन २,०००. उरलेले १२,५००. 'इन्शुरन्स'चे ६८०. एकूण १५,१८० रुपये. तीन वेगवेगळ्या दिवशी, तिन्ही वेळा यूपीआयने, आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहितोय, कारण पुढे ज्याच्या-ज्याच्याकडे गेलो त्या प्रत्येकाने ती माझ्या तोंडावर मारली.

मी या विषयात नवखा नाही. दोन महिने रोज रात्री बसून कोणतं यंत्र घ्यायचं ते ठरवत होतो. मियो मिनी प्लस छान आहे, खिशात मावतं, गेमबॉयपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचं व्यवस्थित चालवतं, पण त्याला ॲनालॉग स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) नाही आणि टच नाही. आर३६एस स्वस्त, पण त्यात मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही. वरचं कवच तेच, आतला बोर्ड आणि स्क्रीन वेगळे, आणि मग आर्कओएस या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमचं कार्ड घातलं की पडदा काळाच्या काळाच. (आर३६एस घेणार असाल तर चालू स्थितीतला व्हिडिओ आणि बोर्डाचा फोटो मागितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सोबत येणारं बिननावाचं मेमरी कार्ड तर पहिल्याच दिवशी कॉपी करून बाजूला ठेवा, ती कार्डं टिकत नाहीत.) निन्टेंडोचा जुना स्विच घ्यायचा तर २०१७ ते २०१८च्या मध्यापर्यंतचा हवा, कारण त्यातली चिपची त्रुटी, जिच्यामुळे स्वतःचे प्रोग्राम चढवता येतात, ती कोणत्याही अपडेटने बुजवता येत नाही. पण तो माझ्या बजेटबाहेर.

मला व्हिटाच हवा होता, आणि त्याला कारण होतं. माझ्या मुलीसाठी मी पाढ्यांचा एक छोटा खेळ लिहायला घेतला होता. व्हिटाला पुढच्या स्क्रीनबरोबर पाठीवरही टचपॅड आहे. पुढे प्रश्न, मागून बोट सरकवून उत्तर ढकलायचं, अशी कल्पना. होमब्रूची, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी घरी प्रोग्राम लिहायची, साधनं फुकट मिळतात, व्हिटाची नक्कल करणाऱ्या व्हिटा३के या एम्युलेटरवर संगणकात माझा खेळ सोळाच्या पाढ्यापर्यंत चालतही होता. पण मागच्या पॅडची गंमत माऊसवर कशी कळणार? शिवाय व्हिटावर पीएसपीचे (सोनीच्या त्याआधीच्या यंत्राचे) खेळ निव्वळ नक्कल करून नाही, तर आतल्याच पीएसपीच्या हार्डवेअरवर चालतात. पहिल्या मॉडेलची, म्हणजे पीसीएच-१०००ची, पाच इंची ओएलईडी स्क्रीन अजूनही डोळ्यांना सुख देते. उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, म्हणजे मिळणार तो जुनाच. जुना माल म्हटला की अनोळखी माणूस आलाच. इथे माझी चूक नव्हती, असं मी आजही म्हणतो.

जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर हा माणूस सापडला. पीसीएच-१०००, फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) ३.६५, एन्सो (होमब्रू कायमचं खुलं ठेवणारा प्रोग्राम) टाकलेलं, एसडी-टू-व्हिटा (साधं मेमरी कार्ड बसवायचा ॲडॉप्टर) सकट. किंमत १४,५००. फार स्वस्त नव्हती, म्हणून तर संशय आला नाही. फुकटात देतो म्हणणाऱ्याला मी जवळ केलं नसतं. आणि तो मराठी बोलत होता. "दादा, मी पण ठाण्याचाच, आपल्याच माणसाला फसवून कुठे जाणार?" हे त्याचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. होमब्रूविषयी विचारलं तर सगळी उत्तरं बरोबर दिली. पीएसपीचे खेळ चालवणारं ॲड्रेनालाइन काय, स्टोरेज कुठे बदलायचं, सगळं. अशा माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

(आणि एक सांगून ठेवतो. '३.६५ आहे' म्हणून कोणी दोन-तीन हजार जास्त मागत असेल तर देऊ नका. कायमचं एन्सो ३.६० किंवा ३.६५ वरच बसतं हे खरं, पण वरच्या फर्मवेअरचे बहुतेक व्हिटा घरीच मोडोरू हा प्रोग्राम वापरून खालच्या फर्मवेअरवर आणता येतात. त्या आकड्याचे पैसे म्हणजे तुमच्या अज्ञानाचे पैसे.)

मी चालू स्थितीतला व्हिडिओ मागितला. आला. तोच, निळ्या रुमालाचा. त्यात यंत्र चार्जिंगला लावलेलं, आणि पिन साधी मायक्रो यूएसबी, आपल्या जुन्या फोनची असते तशी. आता ज्यांना व्हिटा माहीत आहे त्यांच्या लक्षात आलं असेल. पीसीएच-१०००ला मायक्रो यूएसबी नाही. त्याच्या तळाला रुंद, सोनीचं स्वतःचं पोर्ट आहे. मायक्रो यूएसबी आली ती पीसीएच-२०००ला, आणि त्याला ओएलईडी नाही, एलसीडी आहे. म्हणजे जाहिरातीतला फोटो एका यंत्राचा आणि व्हिडिओ दुसऱ्याच यंत्राचा. दोन्ही कुठून तरी उचललेले. मला हे दिसलं. दिसलं, आणि मी स्वतःच स्वतःला सांगितलं की काहीतरी ॲडॉप्टर लावला असेल. त्याला विचारलंसुद्धा नाही. विचारलं आणि त्याने नाही म्हणून दुसऱ्याला विकला तर, या भीतीने. त्याच्याकडे 'अजून दोघं तयार' होते ना! टोकनचे २,००० त्याच रात्री गेले.

तरी तिथेच थांबलो असतो तर दोन हजारांवर भागलं असतं. खरा घोळ शनिवारी झाला. दुपारी दोनच्या सुमारास कुरिअरच्या स्लिपचा फोटो आला, पाठोपाठ फोन. "दादा, पिकअपवाला उभा आहे, बाकीचे पाठवा, नाहीतर पार्सल उतरवून घेतो." मी ट्रॅकिंग नंबर साइटवर टाकला, 'बुक झाले' असं आलं, आणि जीव भांड्यात पडला. पण त्याच स्लिपवर, नंबरच्या खाली दुसऱ्याच ओळीत वजन होतं. ०.१९० किलो.

नुसता पीसीएच-१००० दोनशे साठ ग्रॅमचा असतो. चार्जर नाही, खोका नाही, बबल रॅप नाही, नुसतं यंत्र २६० ग्रॅम. हे वजन मला माहीत होतं, कारण मुलीच्या हाताला जड होईल का म्हणून मी ते पाहून ठेवलं होतं. एकशे नव्वद ग्रॅमच्या पार्सलात तो येऊच शकत नाही. आणि मी तो आकडा वाचला होता, दिसला नाही असं नाही. फोटो मोठा करून नंबर उतरवताना डोळ्यांखालून गेला. शिवाय बुकिंग ठाण्यातलं नव्हतं, दुसऱ्याच राज्यातलं होतं, तेही तिथेच छापलेलं. त्या एका स्लिपवर त्याची सगळी लबाडी छापील स्वरूपात माझ्या हातात होती आणि १२,५०० रुपये अजून माझ्या खात्यात होते. दोन मिनिटं. दोन मिनिटं थांबलो असतो तर! चार महिने झाले, अजून झोपताना ती स्लिप डोळ्यांपुढे येते.

स्लिप आली की आधी वजन वाचा. नंबर नंतर.

सोमवारी 'परत मिळणारे' इन्शुरन्सचे ६८० घेतले. तोवर मी इतका पुढे गेलो होतो की हे नाकारलं तर आधीचे अडकतील असं वाटलं. असंच वाटावं म्हणून ते मागतात.

गुरुवारी पार्सल आलं. मुलीने हौसेने माझा फोन धरून उघडतानाचा व्हिडिओ काढला, तीन मिनिटं बारा सेकंदांचा. खाकी टेप, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि त्यात जत्रेत आणि लोकलच्या स्टेशनबाहेर मिळतो तो '४०० इन १'चा लाल डबा. त्याच्या पाठीवरच्या झाकणाचा एक कान तुटलेला होता, बॅटरी बाहेर डोकावत होती. नव्वदच्या दशकात आम्ही टीव्हीला जोडून खेळायचो तेच आठ बिटचे खेळ, एकाच चिपमध्ये कोंबलेले, नावं बदलून तेच-तेच पुन्हा. ना कार्ड घालायची जागा, ना स्वतःचा प्रोग्राम चढवायची सोय. मुलगी फोन तसाच धरून म्हणाली, "बाबा, हाच का तो?" व्हिडिओत तिचा आवाज आहे. मी तो पुरावा म्हणून चार ठिकाणी घेऊन गेलो, एकानेही शेवटपर्यंत पाहिला नाही.

हा डबा त्याने का पाठवला ते मला नंतर कळलं. काहीच पाठवलं नसतं तर सरळ फसवणूक. काहीतरी पोचलं की 'पार्सल मिळालं' अशी नोंद होते, आणि प्रत्येक कार्यालयाला हात झटकायला जागा मिळते.

त्याने आणखी दोन दिवस खाल्ले. "दादा, पॅकिंगवाल्याने अदलाबदल केली, दुसरं पाठवतो." शनिवारी नंबर बंद. तेव्हा कुठे मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली गेली, पण पैसे खात्यातून केव्हाच पुढे गेले होते. संशय आल्या क्षणी १९३० लावा. लाज वाटते म्हणून, तो परत देईल म्हणून, एक रात्रही थांबू नका. पहिल्या काही तासांतच पैसे गोठवता येतात.

मग सुरू झाली वणवण. बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही केलात, पिन तुमचा, आमचा संबंध नाही. कुरिअरवाले म्हणाले, सीलबंद आलं, सीलबंद दिलं, पाठवणाऱ्याचा नंबर द्यायचा नियम नाही. म्हणजे चोराची गोपनीयता जपायची आणि मी काय करायचं?

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदारांनी डबा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "खेळणं आहे का? कोणासाठी, तुमच्यासाठी?" मागच्या बाकावरची माणसं हसली. मी व्हिटा म्हणजे काय ते सांगू लागलो तर म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग हे दिवाणी, ग्राहक मंचात जा. ग्राहकाचं म्हणावं तर समोरचा दुकानदार नाही, खासगी माणूस, तेही खोट्या नावाचा. नोटीस कोणत्या पत्त्यावर काढणार? दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. सायबरच्या कार्यालयात गेलो तर रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यातच द्या. स्थानिक ठाणं म्हणतं, सायबरला द्या. अर्ज टाइप करायचे ६० रुपये, झेरॉक्सचे ४८, रिक्षाचे वेगळे, ऑफिसच्या दोन अर्ध्या रजा. पंधरा हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. आणि असे शंभर जण फसले तर ती पंधरा लाख होते, हे कोणी मोजतच नाही. प्रत्येक अर्ज एकटा, प्रत्येक अर्ज लहान, म्हणून प्रत्येक अर्ज फायलीत. तिसऱ्या वेळी चौकशी अर्ज म्हणून घेतला आणि पोच दिली. गुन्हा नोंदवला नाहीच.

मी नंतर वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. असं फसवून पैसे घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये येतं, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही.  नोंद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाकडे, लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो. हे कागदावर लिहून खिशात ठेवून जा. मी हात हलवत गेलो म्हणून हात हलवत परत आलो. आता पोस्टाने पाठवलाय, पोचपावती आली आहे, उत्तर नाही.

जमेल तर समोरासमोर घ्या. यंत्र हातात घेऊन सेटिंगमध्ये मॉडेल आणि फर्मवेअर बघा, दोन्ही स्टिक फिरवा, मागच्या पॅडवर बोट फिरवून बघा. लांबचा असेल तर तुमचं नाव आणि आजची तारीख कागदावर लिहून यंत्राशेजारी ठेवून व्हिडिओ मागा, आणि व्हिडिओ कॉलवर स्वतः सांगाल ते बटण दाबायला लावा. जुना पीएसपी असेल तर झाकण काढून बॅटरी फुगली आहे का ते दाखवायला सांगा. जो आढेवेढे घेईल त्याला सोडा. मराठी बोलतो म्हणून नका धरून बसू.

परवा त्या जाहिरातीखाली मी लिहिलं की हा माणूस फसवतो, व्हिडिओतली पिन बघा. वीस मिनिटांत माझं लिहिलेलं काढून टाकलं आणि मलाही काढलं. जाहिरात आहे तिथेच आहे. या वेळी किंमत १३,९०० लावली आहे. खाली तिघांनी 'अजून आहे का' असं विचारलंय.