गॅसच्या चार छत्र्या, विजेच्या सहा पट्ट्या: नाशिकच्या थंडीतला दीड हिवाळा

गंगापूर रोडच्या पुढे शेतालगत आमचं मिसळीचं हॉटेल आहे. अर्धं पत्र्याच्या शेडखाली, अर्धं उघड्या लॉनवर. आमचा धंदा सकाळी साडेसात ते अकरा, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कहरही नेमका तेव्हाच. निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी पेपरात आली की इकडे लॉनवरची बाकडी दवाने निथळत असतात आणि शेडमध्ये जागा होईपर्यंत गिऱ्हाईक गाडीत काचा लावून बसतं. वाफाळता रस्सा दुसऱ्या पावाला कोमट. म्हणून गेल्या वर्षी दिवाळीनंतर हीटर घेतले. एक अख्खा हिवाळा आणि हा अर्धा, एवढा वापर झालाय. मी सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे तिथल्या गच्चीवरही प्रयोग झाला, तोही सांगतो.

पहिली खरेदी गॅसच्या चार छत्रीवाल्या हीटरची. विकणारा म्हणाला, एका हीटरमागे वीस फुटांचं वर्तुळ गरम. वारा पडलेला असेल तर खरं आहे. आमच्याकडे धरणाच्या बाजूने झुळूक सुरू झाली की वर्तुळ आकसून एका टेबलापुरतं उरतं. हा हीटर हवा तापवत नाही, माणूस तापवतो. तापलेल्या जाळीचे किरण अंगावर पडतात तेवढंच आपलं. बाकीची गरम हवा सरळ वर जाते आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या द्राक्षबागेत. हे आधी कळलं असतं तर हीटरच्या आधी पश्चिमेकडच्या कुंपणाला बांबूचे तट्टे बांधले असते. ते नंतर बांधले, आणि त्या तट्ट्यांनी जेवढा फरक पडला तेवढा चौथ्या हीटरने पडला नव्हता.

आता गॅसचा हिशेब. १३ किलोवॅटचा हीटर पूर्ण आचेवर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. चार हीटर, तीन तास, बारा किलो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर तेव्हा सतराशे-अठराशेच्या घरात होता, म्हणजे एका सकाळचे अकराशे रुपये नुसते जाळायचे. घरगुती लाल सिलिंडर लावा असं सुचवणारे शहाणे भेटतात. ते बेकायदा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. शिवाय आमच्या हीटरच्या पोटात १९ किलोचा सिलिंडर बसतच नाही, उंचीला जास्त होतो. सोबत आलेला रेग्युलेटरही इथल्या सिलिंडरला लागेना. शेवटी सिलिंडर बाहेर उभा, मध्ये केशरी नळी, आणि ट्रे घेऊन धावणारी पोरं ती ओलांडतायत, असं चित्र.

पहिल्या कडक थंडीत आणखी एक गंमत झाली. साडेआठच्या सुमारास ज्योत बसायला लागली. सिलिंडर हलवला तर निम्मा भरलेला. हात लावला तर बर्फ! आतला गॅस होता तिथपर्यंत बाहेरून पांढरं हिव धरलेलं, त्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकं. द्रव गॅसची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून आणि आजूबाजूच्या हवेतून ओढतो. हवाच आठ-नऊ अंश असली तर सिलिंडर शून्याखाली जातो, आणि शून्याच्या जवळ गॅसमधला ब्युटेन वाफ व्हायचं जवळजवळ थांबवतो. पोरांनी गरम पाण्याची बादली ओतायची आयडिया काढली होती, ती मी ओरडून बंद केली. आता आच मध्यम ठेवतो आणि तासाभराने सिलिंडर बदलतो.

रात्री लॉनला पाणी दिलं की जमीन मऊ होते आणि हीटरचा बूड एका बाजूला रुततो. एकदा एक हीटर आडवा झालाच. कलंडल्यावर गॅस तोडणारा स्विच होता म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येकाखाली शहाबादी फरशी आणि बुडात काठोकाठ वाळू. तो स्विच नसलेला हीटर कोणी निम्म्या भावात दिला तरी घेऊ नका.

पावसाळाभर हीटर गोदामात होते. यंदा नोव्हेंबरमध्ये काढले तर दोन पेटेनात. बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की बारकी ज्योत दिसायची, सोडलं की गप्प. वॉरंटी संपून पंधरा दिवस झाले होते, आणि विकणाऱ्याचा माणूस तीन आठवडे ‘उद्या येतो’ म्हणत राहिला. शेवटी आमच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्याने नळी उघडली: एकीत कोळ्याचं जाळं, दुसरीत कुंभारमाशीने लिंपलेली माती. तारेने साफ केलं, शंभर रुपयांत काम. आता नळीच्या तोंडाला फडकं बांधूनच गोदामात ठेवणार.

शेडसाठी विजेचे सहा घेतले, दोन-दोन किलोवॅटचे, भिंतीला लावायचे. तीन तासांचे छत्तीस युनिट. आमच्या बिलात सगळं धरून युनिट पंधराच्या आसपास पडतं, म्हणजे साडेपाचशे रुपयांत सहा टेबलं ऊबदार. पहिले दोन मिस्त्रीने थेट डोक्यावर लावले. टक्कल असलेल्यांना उन्हाळा, पायांना हिवाळा. मग आठ फुटांवर, बाजूने, तिरके लावले. उजेड लालभडक पडतो. फोटोत तर्री आहे त्यापेक्षा जहाल दिसते, हा एक जास्तीचा फायदा. काळ्या पट्टीचे, उजेड न पडणारेही मिळतात, पण ते तापायला दहा मिनिटं घेतात. मिसळ खाणाऱ्याला तेवढा दम नसतो.

विजेच्या हीटरमध्ये मी फसलो ते वायरिंगमध्ये. प्रत्येकाला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो आणि तिन्ही फेजवर भार वाटावा लागतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने सहाही एका फेजवर घेतले होते. त्यात दव! हीटर आयपी ६५ म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारे असून रोज पहाटे आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, पडायचा. दोष हीटरचा नव्हताच, जोडणीच्या डबीत पाणी साचत होतं. डबी बदलली, तोंड खाली केलं, मिटलं.

आता सोसायटी. हॉटेलातला एक गॅसचा हीटर गेल्या हिवाळ्यात एकतीस डिसेंबरला गच्चीवर नेला. वाऱ्यासाठी तीन बाजूंनी प्लास्टिकचे कागद बांधले, वर मांडव होताच. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागले, चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या डोकं जड झालंय. मी हीटर बंद केला आणि कागद फाडून काढले. चारी बाजू उघड्या हव्यात असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते कोण वाचतो! कोंडलेल्या जागेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड करतो आणि त्याला वास नसतो. त्यात पोरं खांबाला लटकत होती. शिवाय गॅस हवेपेक्षा जड, गळला तर कठड्याच्या आत तळाशी साचणार. सोसायटीत गॅस नको, यावर माझं मत त्या रात्री पक्कं झालं.

मग विजेचे दोन बसवले, कॉमन मीटरवर. पहिल्याच रविवारी पाण्याचा पंप सुरू झाला आणि एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच, पडला. लिफ्टमध्ये दोघं अडकले. आता पंपाची वेळ बदलली आहे. ‘आम्ही वर जातच नाही, आम्ही पैसे का द्यायचे’ हा मुद्दा दोन मीटिंगा चालला. तोडगा साधा निघाला: दाबलं की अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारा टायमर आणि त्या लाइनला वेगळा सब-मीटर. डिसेंबरचा आकडा नोटीस बोर्डावर लावला, घरटी अठरा रुपये निघाले. वाद संपला, म्हणजे पार्किंगवर गेला.

हॉटेलात आता दोनच गॅसचे वापरतो, तेही शनिवार-रविवारी. फ्रान्समध्ये २०२२ पासून कॅफेच्या उघड्या टेरेसवर हीटर लावायला बंदी आहे असं तिकडे शिकणाऱ्या भाचीने सांगितलं, तेव्हा आधी हसलो होतो. गॅसची बिलं जोडून पाहिल्यावर हसू कमी झालं. उरलेले दोन विकायला काढलेत. एका लग्नाच्या लॉन्सवाल्याने विचारलंय. त्याला किंमत सांगायच्या आधी फरशीचं सांगितलं.